सुईचे टोक आणि रेकॉर्डचा चर

एकच एल.पी. रेकॉर्ड एका यंत्रावर स्वच्छ वाजते आणि दुसऱ्यावर शेवटच्या गाण्याला चिरकू लागते, असे का होते? दोष बहुधा स्पीकरला दिला जातो. माझ्या मते आधी सुई पाहावी.

एल.पी. मिनिटाला 33⅓ फेरे घेते. त्यामुळे कडेचा चर (त्रिज्या सुमारे 14.6 सेंमी) सुईखालून सेकंदाला 51 सेंमी सरकतो, तर सर्वांत आतला (त्रिज्या सुमारे 6 सेंमी) फक्त 21 सेंमी. हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे. आता सेकंदाला 10,000 कंपने असलेला स्वर घ्या. त्याच्या एका लाटेला कडेला 51 मायक्रॉन जागा मिळते, आत अवघी 21. लाटेची उंची 1 मायक्रॉन धरली, तर तिच्या माथ्यावरील वळणाची त्रिज्या कडेला सुमारे 66 मायक्रॉन येते, आत मात्र 11. साध्या सुईच्या गोल टोकाची त्रिज्या असते 18 मायक्रॉन! ते या वळणात बसतच नाही. लाटेच्या दोन्ही बाजूंना अडत पुढे जाते आणि आवाज चिरकतो. चांगल्या सुईचे टोक लंबगोल घडवलेले असते. चराच्या भिंतींना टेकणाऱ्या तिच्या कडांची त्रिज्या सुमारे 8 मायक्रॉन असल्याने ती आतली वळणेही गिरवू शकते.

भाराचेही महत्त्व आहे. चांगल्या यंत्रात सुई दीड-दोन ग्रॅम भाराने टेकते, काही स्वस्त यंत्रांत पाच ग्रॅमने. टेकण्याची जागा इतकी लहान की दाब प्रचंड होतो. त्यात सुई झिजलेली असेल तर ती चराच्या भिंती खरवडते, आणि मग कितीही उत्तम यंत्र आणले तरी गेलेला आवाज परत येत नाही. घरातली दुर्मिळ रेकॉर्ड अशा यंत्रावर 'जरा लावून' पाहू नये.

मोटरची थरथरही सुई आवाज म्हणूनच उचलते. म्हणून तबक जड करतात आणि ते पट्ट्याने फिरवतात.

गती तपासणे सोपे आहे. कागदी चकतीवर दर 2 अंशांना एक, अशा 180 काळ्या रेषा काढा आणि ती फिरत्या तबकावर ठेवा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. (बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही.) गती अचूक असेल तर रेषा स्थिर दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. आणि पुढेमागे डोलल्या तर गायकाने लांबवलेला षड्जही तसाच डोलताना ऐकू येईल.