कासला जाताय? खिशात मावणारा 'प्रगत' कॅमेरा घ्यावा का?

साताऱ्याजवळचं कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच वर्षी सोनीचा पहिला आरएक्स100 आला. आज हौशी फोटोग्राफर विचारतात तो त्याचा 2019 चा अवतार, मार्क 7.

यात वेगळं काय?
'एक इंची' सेन्सर. नाव फसवं आहे, प्रत्यक्ष माप 13.2 × 8.8 मिलिमीटर. तरी साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळ सुमारे चौपट. त्यामुळे ढगाळ उजेडातही फोटो कमी दाणेदार येतो.

कासवर उपयोग काय?
सीतेची आसवं हे फूल अगदी चिमुकलं. मोबाइलने टिपायला अनेक जण पायवाट सोडतात आणि इतर फुलं तुडवली जातात. इथे झूम 24 ते 200 मिलिमीटर. वाटेच्या कडेची फुलं जागेवरूनच मिळतात. वजनही जेमतेम 300 ग्रॅम.

अडचण कुठे?
फुलांचा हंगाम म्हणजे पाऊस आणि धुकं. हा कॅमेरा पाणीरोधक नाही. बॅटरी एका चार्जिंगमध्ये साधारण 260 फोटो देते, म्हणून जास्तीची जवळ हवीच. सांगलीच्या सागरेश्वर अभयारण्यात दूरवरच्या हरणांसाठी 200 मिलिमीटर अपुरे पडतात.

मग घ्यावा का?
फुलं, गड आणि प्रवास टिपायचा असेल तर जरूर विचार करा. प्राणी-पक्षीच हवे असतील, तर तेच पैसे मोठ्या लेन्ससाठी ठेवा. आणि फोटो फक्त स्टेटसलाच लावायचे असतील, तर हातातला मोबाइल पुरेसा आहे.