किडीचें गणित

शेतांतील कीड एका वर्षीं बेसुमार वाढते, दुसऱ्या वर्षीं दिसेनाशी होते. अशा वेळीं पाऊस, थंडी किंवा रोगराई यांकडे बोट दाखविणें हा मनुष्यस्वभाव आहे.

मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले रॉबर्ट मे यांनीं १९७६ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत या समजुतीस धक्का देणारा लेख लिहिला. त्यांतील समीकरण शाळकरी मुलासहि सोडवितां येईल असें आहे. वर्षाला एकच पिढी होणारा कीटक घ्यावा आणि त्याची कमाल संख्या १ मानावी. यंदाची संख्या १ मधून वजा करून उरलेल्या बाकीनें त्याच संख्येस गुणावें, व गुणाकारास वाढीच्या अंकानें पुन्हा गुणावें; उत्तर हीच पुढील वर्षाची संख्या.

०.२ पासून आरंभ करून वाढीचा अंक २ घेतला, तर संख्या लौकरच ०.५ वर स्थिरावते. ३.२ घेतला, तर ती एकाआड एक वर्षीं सुमारें ०.५१ व ०.८० अशी हेलकावे खाते. ३.९ घेतला कीं कसलाच क्रम उरत नाहीं. आणि हिशेबांत पावसाचा वा थंडीचा मागमूसहि नसतो!

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणें बहुधा सरळ रेषेचीं असतात. त्यामुळें विद्यार्थ्यांची अटकळ चुकते. म्हणून हें समीकरण त्यांना लौकर शिकवावें, असा मे यांचा आग्रह होता. ज्याला पुढें किडीचा बंदोबस्त किंवा मासेमारीची मर्यादा ठरवावयाची आहे, त्यानें हवामानास दोष देण्यापूर्वीं हा छोटा हिशेब एकदां स्वतः करून पाहिलेला असावा.