घाई दुसऱ्याची, पोट आपलं

मिशिगनमधल्या एका मोटार कारखान्यात मध्यरात्री कुणाच्या तरी लक्षात येतं, की मुठीत मावेल असा एक सुटा भाग संपत आलाय आणि तो बनवणारा बसलाय केंटकीत. पट्टा थांबला तर मिनिटाला हजारो डॉलरचा चुराडा. मग फोनाफोनी होते, आणि एक अख्खी व्हॅन तो एवढासा खोका पोटात घेऊन रात्रभर पळते. भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतं. कुणी हूं की चूं करत नाही.

अमेरिकेत या धंद्याला ‘एक्स्पिडाइटेड फ्रेट’ म्हणतात. एक गाडी, एक गिऱ्हाईक, जिथून उचलला तिथून थेट दारात. वाटेत गोदाम नाही, गाडीबदल नाही, आणि मागे कितीही जागा रिकामी असली तरी दुसऱ्याचा माल घ्यायचा नाही. यात नव्याने ड्रायव्हर म्हणून शिरणाऱ्याला वाटतं, आपण सतत धावत असणार. पहिल्याच आठवड्यात कळतं, की या नोकरीत धावण्याइतकीच वाट बघावी लागते.

सुपरमार्केटने लावलेली घाई

टोयोटाच्या ताइची ओनोंनी अमेरिकी सुपरमार्केटबद्दल ऐकलं होतं. १९५६ साली ते अमेरिकेत कारखाने बघायला गेले, तेव्हा दुकानंही बघून आले. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं, ही गोष्ट ते त्याआधीपासूनच कारखान्यात लावत होते. साठा ठेवायचाच नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढं आणायचं. ही पद्धत मग जपानी कंपन्यांबरोबर अमेरिकेत परत आली. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलला मोटारी बनवायला घेतल्या, टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनला. डेट्रॉइटनेही तोच कित्ता गिरवला.

गोदामाचं भाडं वाचलं, पण जीव टांगणीला लागला. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आइसिन कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा. टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांपुरताच होता, त्यामुळे जपानमधले तिचे जवळजवळ सगळे कारखाने काही दिवस बंद पडले. एक्स्पिडाइटवाल्यांची रोजीरोटी असल्या धाकावरच चालते.

जिथे मोटार कारखाने तिथे हा धंदा, म्हणूनच त्याचं माहेर ओहायो. अ‍ॅक्रनची रॉबर्ट्स एक्स्प्रेस ही यातली जुनी, नावाजलेली कंपनी. १९९८ मध्ये तिच्या मूळ कंपनीसकट ती फेडेक्सकडे गेली आणि २००० मध्ये ‘फेडेक्स कस्टम क्रिटिकल’ झाली. मेडायना गावची पँथर २०१२ मध्ये १८ कोटी डॉलरना विकली गेली. मिशिगनहून फ्लोरिडाला उतरणारा आय-७५ महामार्ग डेट्रॉइट, टोलेडो, सिनसिनाटी, जॉर्जटाउन अशी कारखान्यांची माळ ओवत जातो. नव्या माणसाने या रस्त्याशी आधी ओळख करून घ्यावी.

दाराच्या चौकटीवरचं भविष्य

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर गाडीचं मालासकट जास्तीत जास्त वजन छापलेलं असतं. तुमचं पुढचं आयुष्य कसं जाणार ते त्या आकड्यावर ठरतं.

१०,००१ पाउंड, म्हणजे साडेचार हजार किलोंच्या वर गेलात, की राज्याबाहेर माल न्यायला केंद्र सरकारचे नियम लागू: वय किमान २१, डॉक्टरचा दाखला (जास्तीत जास्त दोन वर्षांचा) आणि किती तास चालवलं याची चोख नोंद. २६,००१ पाउंडांना पोचलात की व्यावसायिक लायसन्स हवं, आणि ते पहिल्यांदा काढायचं तर २०२२ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण सक्तीचं. त्यात २०२५ च्या जूनपासून आणखी एक भर पडली आहे. रस्त्यावर तपासणीत ड्रायव्हरला इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत किंवा पाट्या वाचता आल्या नाहीत, तर त्याला तिथल्या तिथे गाडी चालवण्यापासून थांबवतात.

आता गंमत बघा. मर्सिडीजच्या स्प्रिंटर ३५०० व्हॅनच्या स्टिकरवरचा आकडा आहे ९,९९०. सीमारेषेच्या बरोब्बर अलीकडे! नवखे लोक बहुधा व्हॅनपासून सुरुवात करतात त्याचं अर्धं कारण हेच. साधं लायसन्स चालतं आणि तासांची सरकारी मर्यादा नाही (घातक माल असेल तर गोष्ट वेगळी). पण मर्यादा नाही म्हणून झोप नको असं कुणी समजू नये. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत बसून कामं वाटणारा माणूस, गोड बोलून आणखी चारशे मैल मागत असेल, तर ‘नाही’ म्हणायला व्हॅनवाल्याच्या हाती कायद्याचा कागद नसतो. स्वतःच बोलावं लागतं.

कोंबडीने महाग केलेली व्हॅन

या व्हॅनच्या किमतीमागे कोंबड्या आहेत. साठच्या दशकात युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबडीवर जकात बसवली. चिडलेल्या अमेरिकेने १९६३ च्या अखेरीस प्रत्युत्तर दिलं: ब्रँडी, बटाट्याचं पिठूळ सत्त्व, डेक्स्ट्रिन आणि परदेशी हलके ट्रक यांवर २५ टक्के कर. बाकीच्यांची सुटका झाली, ट्रकवरचा कर तसाच राहिला. मालवाहू व्हॅनही त्याच जाळ्यात.

मग पळवाटा निघाल्या. मर्सिडीज जर्मनीत स्प्रिंटर पूर्ण बनवायची, मग तिचं इंजिन-बिंजिन काढून तुकडे वेगवेगळे पाठवायची आणि साउथ कॅरोलायनात पुन्हा जोडायची. २०१८ मध्ये तिथे पूर्ण कारखाना सुरू होईपर्यंत हा खेळ चालला. फोर्डने तर कमाल केली. तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागे सीट आणि खिडक्या लावून यायच्या, म्हणजे कागदोपत्री प्रवासी गाडी. अमेरिकेत उतरल्या की सीट काढून टाकायच्या. त्या सीटवर कुणी बसणार नव्हतंच. अखेर २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर देऊन सरकारशी समझोता केला.

नवरा, बायको आणि अकरा तास

मोठ्या ट्रकवर नियम असा: सलग १० तास सुट्टीनंतर १४ तासांची खिडकी उघडते, आणि त्यात चालवायचं फक्त ११ तास. २०१७ च्या डिसेंबरपासून नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रात, त्यामुळे वहीत खाडाखोड करण्याची सोय गेली. पण गिऱ्हाईकाची घाई काही अकरा तासांनी झोपत नाही. उपाय एकच, ट्रकवर दोघं. एक चालवतो, दुसरा मागे झोपतो. दिवसचे दिवस एका केबिनमध्ये भांडण न करता (किंवा भांडूनही) राहू शकणारी जोडी कोणती? या धंद्यात नवरा-बायकोच्या जोड्या इतक्या दिसतात त्यात नवल नाही.

त्यांच्यासाठी ट्रकच्या केबिनमागे जे घर बनतं ते बघण्यासारखं असतं. पलंग, फ्रिज, मायक्रोवेव्ह, सिंक, काहींत संडास आणि शॉवरसुद्धा. मुंबईत एवढ्याला लोक वन आरके म्हणून भाडं देतील. अशी चैनीची केबिन बनवणारी एक नामांकित कंपनी इंडियानातल्या शिपशेवाना गावची. हे गाव आमिश लोकांच्या मुलखात आहे, जिथे माणसं आजही घोड्याच्या बग्गीतून बाजाराला जातात.

दोघं लागतात असा मालही असतो. संग्रहालयातली चित्रं, थंड राखायची औषधं, लष्कराचा दारूगोळा. जबरदस्त स्फोटकं लादलेली गाडी क्षणभरही बेवारस सोडता येत नाही. माणूस गाडीत जागा हवा, आणि मागच्या पलंगावर पहुडलेला धरत नाहीत. किंवा शंभर फुटांच्या आत, गाडी नजरेसमोर ठेवून उभा. जेवायलासुद्धा पाळीपाळीने जायचं. असला माल नेण्यासाठी जे खास शेऱ्याचं लायसन्स लागतं, त्याआधी बोटांचे ठसे देऊन सरकारी चौकशी होते.

बॉम्बरच्या धावपट्टीवर

ट्रकही उशिरा पोचणार असेल तर भाग विमानाने जातो. डेट्रॉइटजवळचा विलो रन विमानतळ असल्या मोटार-भागांच्या खास विमानांसाठी ओळखला जातो. ही जागा पूर्वी फोर्डची. दुसऱ्या महायुद्धात तिथे बी-२४ बॉम्बर बनायचे, आणि ऐन भरात तासाला जवळपास एक. आता तिथे रात्री-बेरात्री छोटी जेट उतरतात, धावपट्टीपासून कारखान्यापर्यंतचा शेवटचा टप्पा व्हॅनवाल्याचा.

मोबाइल वाजला, घ्यायचं की सोडायचं?

लोड, म्हणजे मालाची फेरी, असा येतो: कुठून, कुठे, वजन, मैल, पैसे. उत्तर द्यायला मिनिटं मोजकी. नवशिक्याची नजर पैशावर असते, मुरलेल्याची ‘कुठे’वर. फ्लोरिडाचा लोड गोड दिसतो, कारण तिथे माल जातो भरपूर. बाहेर पडतो मात्र थोडा. मग समुद्रकिनाऱ्याजवळ चार दिवस हवा खात बसा, नाहीतर स्वखर्चाने शेकडो मैल रिकामं परत या. टेक्सासचं लरेडो उकाड्याचं आणि रुक्ष. पण मेक्सिकोतल्या कारखान्यांचे भाग तिथूनच सीमा ओलांडतात. माझं मत विचाराल तर मी लरेडोत घाम गाळत थांबेन.

कॅलेंडरही शिकावं लागतं. जुलैच्या सुरुवातीला आणि नाताळात मोटार कारखाने देखभालीसाठी बंद असतात, मग मोबाइलही गप्प. उलट बर्फाच्या वादळाने नेहमीची मालवाहतूक कोलमडली, की एक्स्पिडाइटवाल्यांना मागणी येते.

म्हणून पहिल्या वर्षी स्वतःची गाडी घेऊ नये हे बरं. चारपाच ट्रक बाळगणारे मालक ड्रायव्हर शोधतच असतात. त्यांच्याकडे एक चालतं गणित असं: लोडच्या पैशातले साठ टक्के ड्रायव्हरला, पण डिझेल त्याने भरायचं, किंवा चाळीस टक्के आणि डिझेल मालकाचं. साठ ऐकायला बरं वाटतं. रिकामे मैल फार असतील तर चाळीसवालाच रात्री स्वस्थ झोपतो. दोन्हींत एक गोष्ट सारखी: गाडी उभी असेल तर शून्य. हप्ता मालकाचा असला, की ते शून्य सोसवतं. स्वतःची गाडी कंपनीला लावाल तेव्हा करार लेखीच हवा, आणि काय कापणार ते त्यात लिहिलेलं हवं. हा केंद्राचा नियम आहे, हट्ट धरायला लाजू नये.

आंघोळीचं अर्थशास्त्र

आयोवातल्या वॉलकॉटचा ‘आयोवा ८०’ हा थांबा १९६४ पासून चालू आहे आणि स्वतःला जगातला सगळ्यात मोठा ट्रक थांबा म्हणवतो. तिथे न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, ट्रकांचं संग्रहालय आहे. अशा थांब्यांच्या मोठ्या साखळ्यांत एक रिवाज असतो: ५० गॅलन, म्हणजे १९० लिटरच्या आसपास डिझेल भरलं की एक आंघोळ फुकट. मोठा ट्रकवाला एका दमात तेवढं भरतो आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत जातो. स्प्रिंटरची टाकीच त्याच्या निम्म्याची. त्यामुळे व्हॅनवाल्याने एक तर आंघोळीचे पैसे मोजायचे, नाहीतर देशभर शाखा असलेल्या जिमची महिन्याची वर्गणी भरायची. बरेच जण दुसरं करतात. व्यायाम ऐच्छिक.