‘सर्कमस्टॅन्शियल’ म्हणजे काय?

मुलांनो, इंग्रजी बातम्यांत ‘सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स’ हे शब्द तुम्ही ऐकता. लॅटिन भाषेत ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. आपल्या ‘परिस्थिती’ शब्दाची घडणही तशीच आहे: ‘परि’ म्हणजे भोवती, ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. म्हणून मराठीत याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. घटना कोणी पाहिलेली नसते, पण तिच्याभोवतीच्या गोष्टी बोलतात.

डब्यातून करंजी घेताना नातवाला पाहिले, तर तो प्रत्यक्ष पुरावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डबा अर्धा झाला आणि नातवाच्या ओठाला खोबरे दिसले, तर तो परिस्थितीजन्य. पण खोबरे वडीचेही असू शकेल! म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा पुराव्याची साखळी पूर्ण हवी. तिच्यातून आरोपी निर्दोष असल्याचा अर्थ निघता कामा नये. आपली तोरा तर दोन साक्षीदार मागते.

तरीही ‘सर्कमस्टॅन्शियल’ म्हणजे ‘कच्चा’ नव्हे. आपल्याच समाजाचे पाहा. कोकणात आलेल्या पूर्वजांकडे कागद नव्हता, तोरेची गुंडाळीही राहिली नव्हती. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले नसलेला मासा चुलीवर चढत नसे. ओठांवर ‘शमा’ होताच. यांतली एखादी गोष्ट योगायोग म्हणता येईल. चारही एकत्र आल्या की योगायोग म्हणणे कठीण.

१९६२ साली इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा नियम निघाला. समाजाने निदर्शने केली. १९६४ साली सरकारने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत.

शब्दाचा आणखी एक अर्थ लक्षात ठेवा: ‘सर्कमस्टॅन्शियल अकाउंट’ म्हणजे बारीकसारीक तपशिलांसह दिलेली हकीकत.

वडीलधाऱ्यांना विनंती, तशीच हकीकत मुलांना सांगा: आडनावाचे गाव कोणते, सणाला घरी काय शिजे, शब्बाथ कसा पाळत. आज साधी वाटणारी गोष्ट उद्या साखळीतली कडी होईल.