नौकेवरील ध्वनिक्षेपक

मावळ तालुक्यात तुंग आणि तिकोना या दुर्गांच्या परिसरात पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. अशा जलाशयातील एका नौकेवर पुढे दोन व मागे दोन असे चार ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, लावले आहेत अशी कल्पना करा. पुढील मंडळींना गाणे ऐकावयाचे आहे. मागे एक तान्हे मूल झोपी गेले आहे. मग मागचे ध्वनिक्षेपक तेवढे बंद कसे करावेत?

याचे उत्तर तारांच्या जोडणीत आहे. ध्वनिवर्धक यंत्रातून डावा व उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग निघतात. एका मार्गावरील दोन ध्वनिक्षेपक माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडले, तर एकाची तार तोडताच दुसराही मुका होतो. ही एकसर जोडणी होय. समांतर जोडणीत मात्र प्रत्येकाची वाट वेगळी असते. एकाचा प्रवाह खंडित झाला तरी दुसरा वाजतच राहतो. म्हणून जोडणी समांतर करून, फक्त मागे जाणाऱ्या तारांवर कळ बसवावी. डाव्या व उजव्या मार्गांच्या तारा एकमेकींस जोडल्यास यंत्र बिघडू शकते. यासाठी दोन्ही तारा एकदम, परंतु अलग ठेवून तोडणारी दुहेरी कळ वापरतात.

शांत पाण्यावरून आवाज दूरवर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास सामान्यतः मनाई आहे. काठावरील गावांतही तान्ही मुले झोपलेली असतात; त्यांच्यासाठी त्या वेळी चारही ध्वनिक्षेपक बंद ठेवणे हेच योग्य होय.