सरकारी दप्तर आणि माहितीचें शुल्क

सरकारी दप्तर हें अंमलदारांच्या खासगी मालकीचें नसून लोकांची ठेव आहे, या तत्त्वावर माहितीच्या अधिकाराचा कायदा उभारलेला आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणें अंमलांत आला. मग ज्याची ठेव त्यालाच ती पाहण्यासाठीं पैसे कां पडावेत, अशी शंका सहजच येते. नकला काढावयाच्या तर कागद व शाई लागते. तेवढा खर्च मागणारानें सोसणें न्याय्यच होय. परंतु शुल्क म्हणजे खर्चाची भरपाई. तें दारावरचें कुलूप होतां कामा नये.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें अर्जास १० रुपये व नेहमींच्या आकाराच्या प्रत्येक पानास २ रुपये पडतात. दप्तर समक्ष पाहावयाचें असल्यास पहिला तास विनामूल्य असून पुढें दर तासास ५ रुपये द्यावे लागतात. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांत अर्जावर १० रुपयांचा कोर्ट-फी स्टँप लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारानें दाखला जोडल्यास त्याला शुल्क माफ आहे.

समजा, एखाद्या शेतकऱ्यानें गांवच्या बंधाऱ्याच्या कामाचीं कागदपत्रें केंद्राच्या एखाद्या खात्याकडे मागितलीं व तीं ४० पानें भरलीं. तर त्याचे ८० रुपये कसे झाले, हें अधिकाऱ्यानें हिशेबासह लेखी कळविलें पाहिजे. हें पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतींत धरले जात नाहींत. म्हणून पैसे लवकर भरणें अर्जदाराच्याच हिताचें असतें. आकारणी पटली नाहीं, तर तिचा फेरविचार मागण्याचा हक्क त्याला आहे. उलटपक्षीं, अधिकाऱ्यानें मुदत चुकविली, तर तीच माहिती त्याला फुकट द्यावी लागते.

शुल्काचें कुलूप होऊं शकतें, हें अनुभवासहि आलें. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत अर्जाचें शुल्क ५०० रुपये होतें. तो वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. सामान्यतः अर्जास ५० रुपयांहून व पानास ५ रुपयांहून अधिक घेऊं नये, असें त्या न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें.

माहिती कशासाठीं हवी, हें अर्जदारास सांगावें लागत नाहीं. मात्र शुल्काची पावती व अर्जाची पोंच त्यानें जपून ठेवावी. मुदतीचा हिशेब पुढें त्यांवरूनच मांडला जातो.