वाशिष्ठीचे पाणी आणि चिपळूणचे कागद

चिपळूणला पूर नवा नाही. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी, भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे हे गाव वसले. कुंभार्ली घाट उतरून आलेला देशावरचा माल इथे गलबतांवर चढायचा आणि गोवळकोटावरून खाडीने दाभोळकडे निघायचा. घाटाचा पायथा आणि खाडीचे टोक एकाच जागी, म्हणून बाजारपेठ मोठी. आणि त्याच कारणाने घाटमाथ्यावरचा पाऊस व समुद्राची भरती एका वेळी आली की पाणी बाजारपेठेत शिरते. २६ जुलै २००५ ला ते शिरले. २२ जुलै २०२१ ला त्याहून वाईट शिरले.

या दोन्ही पुरांचा तडाखा गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला बसला. गावकरी या संस्थेला लाडाने ‘लोटिस्मा’ म्हणतात. स्थापना १८६४ ची. कल्याणचे सार्वजनिक वाचनालयही त्याच वर्षीचे. त्याआधी रत्नागिरीला १८२८ मध्ये, अहमदनगरला १८३८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये वाचनालये उभी राहिली होती. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे नाव तेव्हा बऱ्याच ठिकाणी असे. सुरुवातीला साहेबांचा आणि सरकारी नोकरांचा पुढाकार, मग वकील, मास्तर, व्यापारी यांच्या वर्गण्या, आणि हळूहळू संस्था गावाची होऊन जायची. चिपळूणची अशी झाली, इतकी की जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८६ वे अधिवेशन या वाचनालयाने अंगावर घेतले आणि पार पाडले. नागनाथ कोत्तापल्ले त्याचे अध्यक्ष होते. पुस्तके देणे-घेणे एवढ्यावर न थांबता कोकणातल्या कर्त्या माणसांच्या चित्रांचे दालन आणि इथल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालयही याच संस्थेने उभे केले.

पूर ओसरल्यावर कोणत्याही वाचनालयात भिजलेल्या पुस्तकांचे दोन ढीग करावे लागतात. जमिनीवर केले नाहीत तरी मनात होतातच. पहिल्या ढिगात ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, शब्दकोश, स्पर्धा परीक्षांची पुस्तके. ती गेली याचे दुःख असतेच, पण ती पुन्हा मिळतात. प्रकाशक देतात, वाचक देतात, दूरच्या गावचे अनोळखी लोक खोकी पाठवतात. दुसऱ्या ढिगात अशा गोष्टी असतात, की ज्यांची आणखी एक प्रत कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. हा लेख त्या दुसऱ्या ढिगाविषयी आहे. माझ्या मते गावच्या वाचनालयाचे खरे धन तेच, आणि सर्वांत कमी काळजी घेतली जाते तीही त्याचीच.

या ढिगात काय काय असते? शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. नाट्य मंडळाची हस्तपत्रके. सहकारी पतपेढीचे वार्षिक अहवाल. देवस्थानचा जमाखर्च. नगरपालिकेच्या निवडणुकीतले जाहीरनामे. एखाद्या वैद्याने स्वखर्चाने छापलेले चाळीस पानी आत्मवृत्त. स्मरणिकेची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यातले शुभसंदेश आणि अध्यक्षीय मनोगत कुणी वाचत नाही, तसे वाचण्यासारखे त्यात फारसे नसतेही. पण मागची जाहिरातींची पाने उघडा. कोणत्या आळीत कुणाचे कापडाचे दुकान होते, तांदूळ गिरणी कुणाची, एसटीखेरीज खाजगी मोटारी कोण चालवी, फोन नंबर तीनच आकडी असताना तो कुणाकुणाकडे होता, हे सगळे तिथे सापडते. बाजारपेठेचा नकाशा कुणी काढून ठेवलेला नसतो. तो या जाहिरातींवरून पुन्हा मांडता येतो. स्मरणिका छापणाऱ्यांना हे ठाऊकही नसते. त्यांना फक्त छपाईचा खर्च भागवायचा असतो.

अशा गोष्टी सरकारी भांडारात असतील, अशी आपली समजूत असते. १८६७ च्या कायद्याने छापलेले पुस्तक सरकारकडे नोंदवणे बंधनकारक झाले. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांच्याकडे जायला हव्यात. पण गावच्या छापखान्यात दोनशे प्रती काढून सभासदांत वाटलेली स्मरणिका पोस्टाने कोलकात्याला पाठवायचे कुणाच्या डोक्यात येते? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची प्रचंड ग्रंथसूची केली. जवळजवळ एकट्याच्या जिद्दीवर उभे राहिलेले असे काम मराठीत दुसरे क्वचितच असेल. त्या सूचीसाठी लागणारी पुस्तके टिकून राहिली ती ठिकठिकाणच्या वाचनालयांनी सांभाळली म्हणून. जे वाचनालयातही राहिले नाही, ते सूचीत तरी कुठून येणार?

स्थानिक वर्तमानपत्रांचेही तसेच. चिपळूणहून निघणाऱ्या दैनिक ‘सागर’चा, रत्नागिरीच्या साप्ताहिकांचा एकेक जुना अंक चाळला की मुंबई-पुण्याच्या पत्रांत न सापडणारे काही हाती लागते. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या वीजप्रकल्पावरून १९९० च्या दशकात देशभर वादळ उठले. मोठ्या पत्रांनी वीजदर आणि मंत्र्यांची भाषणे छापली. अंजनवेल-वेलदूरच्या कोणत्या वाडीची वाट बंद झाली, मच्छीमारांनी बैठकीत काय मागितले, मोर्चाच्या दिवशी कोण कुठे अडवले गेले, हे शोधायचे तर जवळच्या गावच्या पत्राच्या फायली हव्यात. कोकण रेल्वेचे, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचे, १९६७ च्या कोयना भूकंपाचेही तेच.

आता या कागदांना पाणी काय करते, तेही सांगायला हवे, कारण सगळा कागद एकसारखा मरत नाही. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेले मोडी दप्तर दोनशे वर्षांचे असले तरी चिवट असते. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. ती उडत नाही, पाण्याने थोडी पसरली तरी अक्षर उरते. त्यानंतरचे यांत्रिक छपाईचे कागद लाकडाच्या लगद्याचे. वर्तमानपत्राचा कागद तर सर्वांत कच्चा. तो कोरड्या कपाटातही पिवळा पडून चुरतो, भिजल्यावर उचलायलाही येत नाही. आणि स्मरणिकेतले फोटो ज्या गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात, त्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो. तो भिजून वाळला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणजे गावातल्या शंभर माणसांचे चेहरे ज्या पानांवर आहेत, नेमकी तीच पाने वीट होऊन बसतात. कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. उन्हात पसरून ठेवले तर कागद वेडावाकडा आक्रसतो. पंख्याखाली, सावलीत, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवावे लागते, आणि हजारो पुस्तके असली तर तेवढे हात आणि तेवढी जागा पूरग्रस्त गावात कुठून आणायची? ज्याच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल आहे तो माणूस वाचनालयात किती वेळ देणार? तरीही माणसे येतात, हे विशेष.

इटलीतल्या फ्लॉरेन्सला नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचा पूर आला आणि तिथले राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात गेले, तेव्हा देशोदेशींचे विद्यार्थी पुस्तके बाहेर काढायला धावले. भिजलेला कागद वाचवण्याचे आजचे शास्त्र बरेचसे त्या अनुभवातून घडले. पुढच्या काळात रुळलेला एक उपाय साधा आहे: लगेच वाळवता येत नसेल तर गोठवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, पाने चिकटण्याची क्रिया थांबते, आणि मग सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवता येतो. हे वाचताना मला कोकणच्या बंदरांवरची मासळीची शीतगृहे आठवतात. ज्या जिल्ह्यात सुरमई-कोळंबी गोठवण्याची सोय आहे, तिथे वाचनालयाने पावसाळ्यापूर्वी एखाद्या शीतगृहाशी बोलून ठेवणे अवघड नाही. कोणते गठ्ठे आधी उचलायचे याची यादी दारामागे चिकटवून ठेवणे तर त्याहून सोपे, आणि त्या गठ्ठ्यांचे कपाट वरच्या मजल्यावर हलवणे सर्वांत सोपे.

कागद वाचवण्यासाठी वणवण करणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वाडे, मठ, माळे धुंडाळत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. पानिपताची हकिकत आपण आज पत्रांच्या आधाराने सांगतो, ती रद्दीत जाऊ शकणारी ही पत्रे कुणीतरी वेळेवर उचलली म्हणून. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, याची मला खंत आहे. जन्म गुहागरचा, म्हणजे चिपळूणच्या शेजारच्या तालुक्याचा. पोटासाठी शाळेत संस्कृत शिकवायचे आणि उरलेला वेळ मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दप्तरातली मोडी पत्रे वाचण्यात घालवायचा, अशी त्यांची अनेक वर्षे गेली. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला. उत्तर पेशवाईचा अभ्यासक आजही त्या खंडांपाशी आल्यावाचून पुढे जात नाही. एका संस्थानी गावातले कागद, त्याच गावातला मास्तर, आणि त्यातून उभा राहिलेला साऱ्या मराठी मुलखाचा इतिहास! मिरजेच्या वाचनालयाला खऱ्यांचे नाव आहे, यात म्हणूनच मोठे औचित्य आहे.

कायदा मात्र या कामाकडे तिरकसच पाहतो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागले. या अनुदानावरच हजारो वाचनालयांचे दिवे लागतात, हे विसरून चालणार नाही. पण वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, दैनिके, नियतकालिके यांचा हिशेब पुढे येतो. दाखल रजिस्टरात एका ओळीला एक पुस्तक: दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, किंमत, शेरा. देवस्थानच्या जमाखर्चाची सुटी पाने या रकान्यांत कशी बसवायची? लेखक कोण लिहायचा, किंमत काय? मग ती पाने एखाद्या खोक्यात जातात, खोके जिन्याखाली जाते, आणि पुढच्या साफसफाईत त्याचे काय होते ते सांगायला नको. ‘जीर्ण’ असा शेरा मारून काढून टाकलेल्या पुस्तकांतही कित्येकदा अशीच अमोल वस्तू असते. जीर्ण पुस्तक बाद करण्याआधी ते दुसरीकडे कुठे आहे का, एवढे पाहण्याचा नियम प्रत्येक वाचनालयाने स्वतःपुरता केला तरी पुष्कळ.

एक गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. जपलेला कागद मुळात कुणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. कोकणातल्या वाचनालयांत कुलवृत्तांत भरपूर. गोत्र, कुलदैवत, मूळ पुरुष, शाखा, कोण इंदूरला गेला, कोण बडोद्याला. दूरवरचे लोक आपले मूळ गाव शोधत येतात ते या ग्रंथांपाशी. पण ज्यांनी खोतांची शेते कसली, ज्यांनी गलबते हाकारली, जे मुंबईच्या गिरण्यांत उभे राहिले त्यांचे कुलवृत्तांत कुणी छापले? दापोलीला पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथे राहिले, गोपाळबाबा वलंगकरांनी तिथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. त्या वस्तीतल्या किती घरांची पत्रे, पेन्शनबुके आज कुणापाशी असतील? गोवळकोट-दाभोळच्या मुसलमान खलाशांच्या घरातल्या उर्दू चिठ्ठ्या कोण वाचणार?

या लोकांचाही कागद आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांच्या वह्यांत आहे. जाखडी नाचाच्या सामन्यात प्रतिपक्षाला टाकलेले सवाल, त्यात मध्येच आलेले धरणाचे, संपाचे, महागाईचे गाणे. रेघांच्या दोनशेपानी वहीत, गुरूचे नाव वर घालून उतरवलेले. नमन-खेळे या लोकनाट्याच्या संहितांत आहे. आणि लालबाग-परळच्या खोल्यांतून चालणाऱ्या ग्रामस्थ मंडळांच्या इतिवृत्तांत आहे: गावच्या शाळेला कौले घालायला चाकरमान्यांनी दरमहा किती वर्गणी काढली, विहिरीचा ठराव कधी झाला, शिमग्याच्या पालखीचा मान कुणाचा यावर सभा किती वेळ चालली. कोकणातल्या कितीतरी खेड्यांचा विसाव्या शतकाचा इतिहास गिरणगावात लिहिला गेला आहे, आणि गिरणगावच्या चाळी पाडल्या जात असताना तो ट्रंकांसकट नाहीसा होतो आहे. पुराला निदान तारीख असते.

हे गोळा करणे वाचनालयाला जमते, कारण गावात सगळ्यांचा विश्वास असलेली जागा तीच. संशोधक येतो, फोटो काढतो, निघून जातो. ग्रंथपाल उद्याही तिथेच असतो. वही द्यायला मन धजत नसेल तर तिथल्या तिथे मोबाइलने पाने टिपून मूळ वही परत करता येते. मोडी वाचणारे मिळत नसतील तर आठवड्यातून एक दिवस मोडीचा वर्ग घेता येतो. शाळकरी मुले ती लिपी मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात. वर्षातून एकदा हा संग्रह टेबलांवर मांडून गावाला दाखवला की पुढच्या महिन्यात कुणी ना कुणी पिशवी घेऊन दारात उभे राहते, ‘आमच्या आजोबांचंही काही आहे, बघता का?’ म्हणत.

दिवाळीला चाकरमानी घरी येतात, माळे झाडले जातात, ट्रंका उघडतात. त्यात जुनी स्मरणिका, वर्गणीची पावतीबुके, मंडळाचे इतिवृत्त, गाण्याची वही, घरातल्या लग्नाचा गटफोटो असे काही हाती आले तर ते रद्दीवाल्याच्या तराजूत पडण्याआधी तालुक्याच्या वाचनालयात नेऊन दाखवावे. फोटो असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्यातल्या प्रत्येकाचे नाव विचारावे आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावे. बॉलपेनची शाई पुढे फोटोत उतरते. बायकांची नावे लिहिताना ‘सौ. अमुक’ एवढ्यावर थांबू नये. माहेरचे नाव आणि गावही विचारून घ्यावे.